‘करमंना’ कसं मोजायचं

विट्याच्या पुढे, खानापूर तालुक्यातल्या एका गावात, पत्र्याच्या पडवीत बसून मी माझा पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. “आपल्या सभोवतालच्या लोकांशी आपला सूर जुळतो असं आपल्याला किती वेळा वाटतं?”

समोरच्या आजी शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“सूर? भजनाचा व्हय?” आणि क्षणभरानं, “आपल्याला म्हंजी आमाला, का समद्या गावाला?”

अजून एकोणीस प्रश्न बाकी होते. त्या दिवशी मी ते सगळे विचारले, आजींनीही जमतील तशी उत्तरं दिली. घरी आल्यावर तो कागद मी बाजूला ठेवला. त्यावरचा एकही आकडा वापरण्याजोगा नव्हता, आणि दोष आजींचा नव्हता.

माझा पीएचडीचा विषय म्हातारपणातलं एकाकीपण. गाव निवडायचा प्रश्नच आला नाही, कारण विषय तिथूनच मनात शिरला होता. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. त्यासाठी घरटी एखादा मुलगा तरी दूरच्या राज्यात, कुठल्या तरी सराफ बाजारातल्या गल्लीत, भट्टीपाशी बसलेला असतो. आमच्या घरातलेही आहेत. पैसा गावाकडे येतो, त्यातून बंगले उभे राहतात. सहा खोल्यांतल्या चार कुलूपबंद, उरलेल्या दोनांत आई-वडील, किंवा नुसती आई. यात्रेला मुलं-नातवंडं येतात, आठ दिवस घर गजबजतं आणि मग पुन्हा कुलपं. या माणसांना काय वाटतं ते मला मोजायचं होतं.

मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ती 1978 साली तयार झाली, 1980 मध्ये सुधारली गेली आणि डॅनियल रसेल यांनी 1996 मध्ये तिची तिसरी आवृत्ती काढली. एकूण 20 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. म्हणजे गुण 20 ते 80, जितके जास्त तितकं एकाकीपण जास्त. अकरा प्रश्न एकाकीपणाच्या बाजूने विचारलेले, नऊ उलट्या बाजूने, आणि ‘तुम्ही एकाकी आहात का’ असा थेट प्रश्न कुठेच नाही. थेट विचारलं की माणसं कबूल करायला कचरतात, म्हणून आडून विचारायचं. मला ही रचना फार आवडली होती, आजही आवडते.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी समोरासमोर ठेवून ताडायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 साली ही पद्धत नीट मांडली, तेव्हापासून शोधनिबंधात ती केल्याचं लिहिल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. मीही केली. परत आलेलं इंग्रजी मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळलं. समितीतले सगळे खूश, मीही खूश.

ते इतकं का जुळलं हे त्या पडवीत कळलं. दोन्ही भाषांतरकार माझ्यासारखेच, पुस्तकी मराठीत आणि इंग्रजीत वाढलेले. एकाने ‘साहचर्य’ लिहिलं, दुसऱ्याने त्याचा बरोबर मूळ शब्द ओळखला. दोघांची कुलपं-किल्ल्या एकाच दुकानातल्या. मधल्या मराठीचा अर्थ गावातल्या माणसाला लागतो का, हे या पद्धतीत कुणी तपासतच नाही. तिला मी खोटी म्हणत नाही. ती दोन इंग्रजी कागदांची तुलना करते, तेवढंच तिचं काम आहे.

‘साहचर्य’ काढून मी ‘सहवास’ घातला, तर एका काकूंनी पदर तोंडावर घेतला. मग ‘सोबत’. हा शब्द सगळ्यांना कळला, फक्त वेगळा कळला. “सोबत मिळत नाही असं किती वेळा वाटतं?” “मिळती की. शेजारची पोरगी येती रातीला सोबतीला.” आमच्याकडे सोबत म्हणजे रात्री घरात झोपायला येणारं माणूस.

मी मार्गदर्शक बाईंकडे गेले आणि म्हटलं, विषय बदलते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचं झिम्बाब्वेतलं काम वाचायला दिलं. पटेल यांचं नाव आपल्याकडे गोव्यातल्या कामामुळे माहीत आहे, पण त्याआधी नव्वदीच्या दशकात ते हरारेमध्ये होते. तिथे शोना भाषेत 14 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती 1997 साली प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीतून आणलेली नव्हती. आजारी माणसं स्वतःच्या त्रासाला काय म्हणतात ते आधी गोळा केलं आणि त्यातून प्रश्न घडवले. ‘कुफुंगिसिसा’ हा त्यातला मोठा शब्द. अर्थ, अती विचार करणं. वाचता वाचता मला आमच्या आत्याचं वाक्य आठवलं, “इचार करून करून डोकं शिनलं.”

पुढचे तीन महिने मी एकही प्रश्न विचारला नाही, नुसती ऐकत राहिले. देवळाच्या कट्ट्यावर, दळपाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकड्यावर. वहीत फक्त शब्द टिपायचे, माणसांची नावं नाहीत.

‘एकाकी’ हा शब्द त्या तीन महिन्यांत एकदाही कानावर आला नाही. ‘एकलकोंडा’ आला, पण तो दुसऱ्याबद्दल, दोष देताना. स्वतःबद्दल बोलताना लोक म्हणत होते, “करमंना.” नुसतं एवढंच. “पोरं गेल्यापास्नं करमंना.” “घर खायला उठतंय.” “कोन इचारतंय?” “जीव रमंना.” एका आजोबांनी सांगितलं, “भाकरी हाय, चटनी हाय, घास फिरतोय तोंडात.” ‘करमत नाही’ हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, तरी तो माझ्या संशोधनाचा शब्द आहे हे मला सुचलं नव्हतं, कारण तो कुठल्याच शोधनिबंधात नव्हता.

इथे एक पेच होता. सगळे प्रश्न गावच्या शब्दांत नव्याने लिहिले, तर माझ्या आकड्यांची तुलना बाहेरच्या कुठल्याच अभ्यासाशी होणार नाही. जुने 20 जसेच्या तसे ठेवले, तर तुलना होईल, पण कशाची? बाईंशी बरीच चर्चा झाल्यावर दोन भाग ठरले. मूळ 20 प्रश्न अर्थ राखून बोलीत आणायचे, आणि त्यांच्यानंतर गावातून आलेल्या सात प्रश्नांचा वेगळा संच. गुणही वेगळे मोजायचे, एकमेकांत मिसळायचे नाहीत.

मग चाचणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रश्न विचारायचा आणि तो माणसाला कसा कळला हे त्याच्याकडूनच काढायचं. पाठ्यपुस्तक सांगतं, उत्तर देताना मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायला सांगा. आमच्या आज्यांना हे जमलं नाही, त्यांना ते विचित्र वाटायचं. जमलं ते वेगळंच. मी विचारायची, “आजी, हेच मला शेजारच्या मावशींना विचारायचंय. तुम्ही असता तर कसं विचारलं असतं?” की लगेच प्रश्न त्यांच्या शब्दांत बाहेर यायचा आणि चूक कुठे आहे ते दिसायचं.

सगळ्यात मोठी चूक ज्या शब्दात निघाली, त्याचा मला कधी संशयही आला नव्हता. तो शब्द म्हणजे ‘वाटतं’.

उलट्या बाजूचा एक प्रश्न होता: “मनातलं बोलायला माणसं आहेत असं तुम्हाला किती वेळा वाटतं?” एका आजींनी झटकन सांगितलं, “लई वाटतं. नेहमीच.” मी ‘नेहमी’वर खूण केली. म्हणजे या बाई एकाकी नाहीत. पुढचा प्रश्न वाचणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “वाटतं गं लई, पन हाईत कुठं?”

‘वाटणं’ म्हणजे जाणवणं, आणि वाटणं म्हणजे इच्छा होणंही. गावी जावंसं वाटतं, कुणी बोलावंसं वाटतं. मी आहे का विचारत होते, त्या हवं असं सांगत होत्या. जितकी तहान जास्त, तितकं ‘नेहमी’ ठाम. असे नऊ प्रश्न होते आणि प्रत्येकात ‘वाटतं’ होतं. त्या पुढे बोलल्या नसत्या तर हे मला कधीच कळलं नसतं. संगणकाला तर नाहीच.

वाक्यातून ‘वाटतं’ काढून टाकणं सोपं होतं. “बोलायला माणूस मिळतं का?” पण मग प्रश्न एकटं राहण्याचा होतो, एकटं वाटण्याचा राहत नाही, आणि माझा सगळा अभ्यास त्या फरकावर उभा आहे. भरल्या घरात करमत नसलेली सासू मला भेटली होती, आणि एकटीच राहून, चार म्हशी सांभाळून, मजेत असलेली विधवाही. आठ-दहा पर्याय करून पाहिले. शेवटी ‘भरवसा’ या शब्दानं काम झालं: “मनातलं बोलायला आपलं माणूस हाय, असा भरवसा किती वेळा असतो?” भरवसा मनातलाच असतो, आणि त्याची इच्छेशी गफलत होत नाही.

एक प्रश्न मात्र मराठीत आल्यावर जास्त बोलका झाला. माणसं भोवती असतात पण सोबत नसतात, असा त्याचा आशय. आम्ही लिहिलं, “भवती माणसं हाईत, पन आपलं कुनी न्हाई, असं किती वेळा होतं?” हा प्रश्न ऐकल्यावर बहुतेक जण लगेच उत्तर देत नसत. मी थांबायला शिकले.

पर्यायांचं प्रकरण वेगळंच. सुरुवातीला हौसेने मी सहमत-असहमतची पाच पायऱ्यांची मोजपट्टीही करून पाहिली होती. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये ती रीत आणली आणि आज कुठलाही फॉर्म उघडा, ती दिसतेच. पडवीत तिचं काही चाललं नाही. शिकलेली पोरगी कागदावरचं वाचतेय म्हटल्यावर प्रत्येक वाक्याला “व्हय, बरोबर हाय.” त्यात नकाराचा घोळ. “तुम्हाला कुणी विचारत नाही, असं आहे का?” या प्रश्नाला आपल्याकडे “व्हय” म्हटलं तरी अर्थ ‘विचारत नाहीत’, आणि नुसतं “न्हाई” म्हटलं तरी पुष्कळदा तोच. म्हणून प्रश्नातला प्रत्येक ‘नाही’ तपासून, जमेल तिथे काढला.

‘क्वचित’ कुणाला कळला नाही, त्या जागी ‘एखाद्या टायमाला’ आला. ‘कधी कधी’ला ‘अधनंमधनं’. तरी चार पर्याय तोंडी लक्षात राहत नाहीत, म्हणून मी काचेचे चार ग्लास नेले: रिकामा, घोटभर पाण्याचा, अर्धा आणि भरलेला. कल्पना छान वाटली होती. तिसऱ्याच घरी आजींनी प्रत्येक प्रश्नाला भरल्या ग्लासावर बोट ठेवलं. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सकाळच्या पारी रिकाम्या भांड्याला हात लावू ने, बाय.” भरलं ते शुभ, रिकामं ते अशुभ. ज्या घरात पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेले, तिथे मी हे साधन घेऊन गेले होते. ग्लास पिशवीत गेले ते पुन्हा बाहेर काढले नाहीत. ज्वारीच्या ताटाचे तीन तुकडे घेतले, एकापेक्षा एक लांब, आणि ‘कधीच नाही’साठी रिकामा तळहात. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

गावच्या सात प्रश्नांसाठी काळही ठरवायचा होता. ‘गेल्या सात दिवसांत’ म्हटलं की लोक बोटं मोजत बसायचे. “मागच्या बाजारापास्नं या बाजारापतोर” म्हटलं की बरोबर आठवायचं. सातपैकी एक प्रश्न मी त्या आजोबांच्या वाक्यावरून लिहिला होता, जेवायला एकटंच बसावं लागतं आणि घास उतरत नाही. दोन गोष्टी एका प्रश्नात कोंबू नयेत, हे मी स्वतः पदवीच्या मुलांना शिकवते. तरी आवडलेल्या वाक्यापायी चुकलेच. एकटी जेवणारी पण पोटभर जेवणारी माणसं होतीच की. त्याचे दोन प्रश्न केले.

शब्दांनी जे बिघडत होतं ते हळूहळू सुधारलं. माणसं जे राखून ठेवत होती त्याचं काय करायचं, हे मला जास्त अवघड गेलं. पहिली चौकशी माझीच व्हायची, “तू कुनाची गं?” सांगितलं की नातं निघायचं, आणि नातं निघालं की मुलाची अब्रू मध्ये यायची. करमत नाही म्हटलं की ती मुलाविरुद्धची तक्रार होते. “माझा पोरगा लाखात एक हाय, महिन्याला पैसं येत्यात.” मी एकटेपणाचं विचारत होते आणि आई मुलाच्या बाजूने साक्ष देत होती. प्रश्नांचा क्रम उत्तरं बदलतो हे मानसशास्त्रात जुनं आहे. फ्रिट्झ स्ट्राक आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवलं की, विद्यार्थ्यांना आधी प्रेमभेटींबद्दल विचारलं, की नंतर सांगितलेलं आयुष्याचं समाधान त्या भेटींच्या रंगात रंगतं. म्हणून मी आधी मुलांचा विषय टाळून पाहिला, तर तो दर प्रश्नात डोकावायचा. मग उलट केलं. आधी दहा मिनिटं फक्त मुलाबद्दल, कागद न काढता. त्याचा फोटो, त्याची भट्टी, त्यानं बांधलेलं घर. आईचं समाधान होईपर्यंत. त्यानंतर “आता तुमचं सांगा” म्हटलं की आवाज बदलायचा. याने उत्तरं एका बाजूला झुकली का, ही शंका मला आहे आणि प्रबंधात मी ती लिहिली आहे. पण प्रत्येक घरी हाच क्रम ठेवला.

संमतीपत्राबद्दल थोडंच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. अंगठा म्हटला की लोकांना जमिनीचे कागद आठवतात, त्यामुळे दोनदा समजावून सांगावं लागे. साक्षीदार म्हणून सून पुढे यायची. सून तटस्थ नव्हे. अंगणवाडीच्या ताईंना विनंती केली, त्या सही करून निघून जात. सुनेला कसं दूर ठेवायचं यावर मात्र नियमावलीत काही नाही. मी दोन कप चहा मागायची.

एका गोष्टीची तयारी मी कमी केली होती, याची मला अजून बोच आहे. “आता देवानं न्यावं” हे वाक्य म्हातारी माणसं सहज बोलतात, त्यात बहुतेकदा नुसता थकवा असतो. बहुतेकदा. माझ्या प्रश्नावलीत मरणाबद्दल एकही प्रश्न नव्हता, म्हणून त्याचं उत्तर आलं तर काय करायचं हेही ठरवलेलं नव्हतं. एका काकांनी ते वाक्य म्हटलं आणि नजर आढ्याकडे नेली. मी कागद मिटला आणि सरळ विचारलं, “स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का?” ते बराच वेळ गप्प बसले आणि मग बोलले. त्या दिवशी पुढचं घर केलं नाही. त्यांच्या होकाराने त्यांच्या भावाला बोलावलं, दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत गेले. त्यानंतर हे वाक्य कुणीही बोललं, हसत बोललं तरी, तो दुसरा प्रश्न विचारायचाच असा नियम केला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घरात ठेवला. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

आकडेमोडीचं मी फार सांगत नाही. ली क्रॉनबाख यांचा 1951 चा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपापसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, सगळे विचारतात, 0.70 च्या वर आला की सुटलो असं मानतात. तो माझाही आला. ‘लाजाळू’ असण्याचा प्रश्न बाकीच्यांबरोबर चालत नव्हता, आणि का ते मला अल्फाच्या आधीच कळलं होतं. सत्तरी उलटलेल्या बायका त्यावर हसून म्हणायच्या, “आता कुनाला लाजायचं?” तो मी तुलनेपुरता ठेवला, आणि त्याच्याशिवायचे गुणही दिले. पण अल्फावर विसंबू नये असं मी आता मुलांना कळकळीनं सांगते. ‘वाटतं’ची ती गफलत सगळ्यांनी एकसारखी केली असती, तर त्या नऊ प्रश्नांचा आपापसातला अल्फा उत्तमच आला असता.

शेवटचं काम होतं फेरचाचणीचं. दोन आठवड्यांनी काही घरी पुन्हा जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं किती टिकतात ते पाहायचं. शेंगा फोडणाऱ्या त्या पहिल्या आजी या यादीत होत्या. नव्या प्रश्नांवर आधीच्या खेपेला त्यांचे गुण बरेच वर होते. या वेळी मी पडवीत शिरले तर सतरंजी घातलेली होती, आणि ज्वारीचे तीन तुकडे त्यांनी स्वतःच्या हातांनी कापून ठेवले होते.

प्रश्न सुरू झाले. त्यांचं बोट पुन्हा पुन्हा सगळ्यात लहान तुकड्यावर जात होतं. ‘घर खायला उठतं’ या प्रश्नाला त्यांनी रिकामा तळहात दाखवला. मला वाटलं, प्रश्न ऐकू आला नसेल. पुन्हा विचारला.

“आयकलं की,” त्या म्हणाल्या. “या बाजाराला न्हाई वाटलं तसं. तू येनार व्हतीस न्हवं.”

मी रिकाम्या तळहातावर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.